सोबतीची पारख

प्रवासाला निघायचे ठरले की घरोघरी सामानाची यादी तयार होते. अंथरूण-पांघरूण, औषधे, शिधा, बॅटरी, दोरी, सारे काही आठवून आठवून लिहिले जाते. ज्यांच्याबरोबर जायचे त्या माणसांचा विचार मात्र फारसा होत नाही. 'आपलीच तर माणसे आहेत' एवढे म्हणून तो विषय संपतो. एका दिवसाच्या सहलीपुरते हे चालूनही जाते. परंतु प्रवास तीन-चार दिवसांचा असेल, वाटेत ना हॉटेल ना एस.टी., आणि मध्येच मन विटले म्हणून घरी परतण्याची सोय नसेल, तर शिध्यापेक्षा सोबती महत्त्वाचा ठरतो. शिधा कमी पडला तर एक वेळ अर्धपोटी राहता येते. सोबती चुकला तर भरल्या पोटीही रात्र सरत नाही.

नोकरी-व्यवसायानिमित्त बारामती-इंदापूर परिसरात स्थिरावलेल्या आम्हा काही कुटुंबांना गेली काही वर्षे एक आगळा नाद लागला आहे. हिवाळ्यात सलग सुट्टी मिळाली की आम्ही उजनीच्या जलाशयात कयाक वल्हवीत दोन-तीन दिवस हिंडतो आणि रात्री काठावरच्या एखाद्या गावाशेजारी राहुटी ठोकतो. कयाक म्हणजे लांबट, निमुळती आणि पाण्यालगत बसणारी होडी. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची ही मूळची होडी. हाडे व लाकूड यांच्या सांगाड्यावर सील प्राण्याचे कातडे ताणून ते ती बांधीत आणि एकेकटे शिकारीला जात. बायकामुले व सामानसुमान न्यायचे असले, तर उमियाक नावाची दुसरी, मोठी उघडी होडी असे. म्हणजे कयाक ही मुळात एकट्या माणसाची होडी. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ साली उल्म गावाहून डॅन्यूब नदीत घडीची कयाक घेऊन उतरला आणि भारताच्या किनाऱ्यावरूनही पुढे जात सात वर्षांनी, १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. त्या अचाट प्रवासात कोणाशी पटवून घेण्याचा प्रश्न त्याला फारसा पडला नसावा. आमच्यासारख्या संसारी माणसांना तो पहिल्याच दिवशी पडला.

ज्यांनी उजनी केवळ पुणे-सोलापूर महामार्गावरून धावत्या गाडीतून पाहिली आहे, त्यांना हे पाणी शांत, जवळजवळ झोपलेले वाटते. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. परंतु फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरून थेट भिगवणच्याही वर पसरते. एकूण साठा सुमारे ११७ टी.एम.सी., आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. या पाण्याखाली जुनी गावे आहेत. जुन्या पळसदेवचे प्राचीन शिवमंदिर दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा उघडे पडते आणि माणसे ते पाहायला लोटतात. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. पहाटे चिलापी आणि कटल्याची जाळी ओढणाऱ्या होड्या धुक्यातून पुढे येतात, तेव्हा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो.

पण हे झाले सकाळचे. दुपारनंतर मोकळ्या पाण्यावर वारा सुटतो आणि तासाभरापूर्वी आरशासारखा असणारा जलाशय लाटांनी खवळून उठतो. काठ जवळ दिसला तरी तो घट्ट असेलच असे नाही; गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दिनांक २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अशाच अचानक उठलेल्या वादळात उलटली आणि सहा जीव गेले. त्यात लहान मुलेही होती. ती माणसे हौसेने पाण्यावर गेली नव्हती. पैलतीरी जायला रस्त्याचा वळसा मोठा, म्हणून होडी हीच त्या गावांची रोजची वाट होती. या पाण्यावर हौसेने उतरणाऱ्याने ती घटना विसरता कामा नये. सोबती कोण असावा हा प्रश्न इथे आवडीनिवडीपुरता राहत नाही.

मग सोबती निवडावा कसा? आरंभी आमचाही समज असा होता की जो धट्टाकट्टा, पोहणारा आणि हसतमुख, तो उत्तम सोबती. अनुभवाने ध्यानात आले की बळ आणि विनोद हे पहिल्या दिवसाचे गुण आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी खांदे भरून आल्यावर, तळहाताला फोड आल्यावर, आणि ठरलेला मुक्काम अजून पाच किलोमीटर दूर असताना माणसाचा निराळाच स्वभाव वर येतो. त्या घटकेला तो मागे राहिलेल्यासाठी थांबतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी आम्ही एकत्र बसतो आणि काही प्रश्न एकमेकांना सरळ विचारतो. दिवसाकाठी किती अंतर कापायचे? सामानाने भरलेली कयाक शांत पाण्यावर तासाला चार-पाच किलोमीटर जाते. समोरून वारा असला तर त्याच्या निम्मीही नाही. कोणाला अंतर कापण्यात आनंद असतो, तर कोणाला एका पाणथळीपाशी दोन तास पक्षी न्याहाळण्यात. दोघांचेही बरोबर असते, पण ते दोघे एकाच सहलीत सुखी होत नाहीत. वारा वाढला तर परत फिरायचे की नाही, हे कोणी ठरवायचे? आमच्यात असे ठरले आहे की सर्वांत भित्र्या माणसाने 'काठाला लावू या' म्हटले की काठाला लावायचे आणि त्यावर कोणी टोमणा मारायचा नाही. खर्च कसा वाटायचा? स्वयंपाक कोणी करायचा, भांडी कोणी घासायची? मद्य बरोबर घ्यायचे का? पाण्यावर असेतो मुळीच नाही, हे आमचे उत्तर ठरलेले आहे. ज्याला ते जाचक वाटते त्याने दुसरी सोबत शोधावी. रविवारच्या मिस्साला गावी परतायचे की नाही? आम्ही गुरुवारी दुपारी निघतो आणि शनिवारी सायंकाळी परततो, त्यामुळे हा प्रश्न मिटतो. सहल फेब्रुवारीत असली आणि प्रायश्चित्तकाळातला शुक्रवार वाटेत आला, तर चिलापीच्या कालवणाने तोही सुखाने मिटतो.

हे प्रश्न वाचून काहींना हसू येईल. मित्रामित्रांत असल्या वाटाघाटी कशाला, असे आम्हालाही विचारले जाते. परंतु आपल्या धर्मग्रामात विवाहेच्छू तरुण-तरुणींना विवाहपूर्व शिबिराला पाठवतात, तेव्हा तिथे दुसरे काय घडते? पैसा कोणाच्या हाती राहील, आईवडिलांची काळजी कोण घेईल, राग आला तर तुम्ही बोलता की अबोला धरता, हे सारे प्रेम ऐन भरात असतानाच विचारले जाते, कारण नंतर विचारण्याची वेळ निघून गेलेली असते. दोघांच्या कयाकमध्ये तर हा धडा प्रत्यक्षच मिळतो. पुढे बसलेल्याने वल्ह्याचा ठेका धरायचा असतो आणि मागच्याने तो ठेका सांभाळून दिशा राखायची असते. पुढच्याला मागचा दिसत नाही; मागच्याला पुढच्याच्या पाठीवरून त्याचा थकवा ओळखावा लागतो. दोघांचे वल्हे एकमेकांवर आपटू लागले की समजावे, कुणीतरी आपलाच ठेका खरा मानू लागले आहे. आमच्यातील काही पतिपत्नी मोठ्या आनंदाने एका होडीत बसतात. काहींनी वेगवेगळ्या होड्या घेतल्या आणि दोघांचीही सहल सुखाची झाली. त्यात कमीपणा काहीच नाही.

खरे पाहता ही विद्या शिकण्यासाठी आम्हाला ध्रुवप्रदेशाकडे पाहावे लागले नाही. ती दरवर्षी आमच्या दारावरून जाते. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी नेण्याची प्रथा सुरू केली. ती पालखी आषाढीच्या आधी बारामतीत मुक्कामाला येते, काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, तिथेच मेंढ्या तिला रिंगण घालतात, बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते, आणि निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत ती नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. लाखो माणसे दोन-अडीच आठवडे पावसापाण्यात एकत्र चालतात. एवढ्या जनसागरात भांडणे किती व्हावीत? जी होतात त्याहून ती पुष्कळ अधिक व्हायला हवीत, असे पाहणाऱ्याला वाटते.

याचे रहस्य दिंडीत आहे. वारकरी सहसा एकटा चालत नाही. तो दिंडीत चालतो. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात पखवाजवादक, मग वीणेकरी आणि मागे तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया, अशी तिची मांडणी असते. प्रत्येकाची जागा ठरलेली, चालण्या-थांबण्याची वेळ ठरलेली, खर्चाची भिशी आधी भरलेली. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो आणि चूल पेटवतो. नवखा माणूस बहुधा कोणा जुन्या वारकऱ्याच्या ओळखीने येतो, म्हणजे त्याच्या वर्तनाला कोणीतरी जामीन असतो. आमच्या सहलींत एक वारकरी घराण्यातील स्नेही असतात. दरवर्षी ते बारामतीपासून इंदापूरपर्यंत पालखीबरोबर चालतात. दिंडीचा वेग तरुण ठरवीत नाहीत, ठेका ठरवतो, असे ते सांगतात. टाळाच्या ठेक्यावर म्हातारा वारकरीही चालू शकतो आणि तरुणालाही पुढे धावता येत नाही.

त्यांनीच आम्हाला आळंदीच्या पालखीतील समाजआरतीची रीत सांगितली. सायंकाळी मुक्कामाच्या तळावर साऱ्या दिंड्या पालखीभोवती जमतात. टाळ-मृदंगांचा गजर चालू असतो. मग चोपदार आपला दंड उंच करतो आणि क्षणात सारा तळ निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, हरवले-सापडले ते पुकारले जाते, आणि मगच आरती होते. दिवसाचे गाऱ्हाणे दिवसाच्या आतच सर्वांसमोर मांडले जावे, आणि त्यानंतर देवासमोर उभे राहावे, यात मनुष्यस्वभावाची केवढी जाण आहे! आम्ही ही रीत उचलली. राहुट्या ठोकून झाल्या की जेवणापूर्वी आम्ही वर्तुळात बसतो. ज्याला काही सलत असेल त्याने पेला वाजवायचा. 'तुम्ही मला न विचारता माझी सुकी लाकडे घेतलीत', 'मी मागे पडलो तेव्हा कोणी वळून पाहिले नाही' अशी लहानसहान गाऱ्हाणी निघतात. ती तिथेच मिटतात. त्यानंतर प्रार्थना आणि मग जेवण. पेला वाजवण्याची ज्याला लाज वाटते आणि जो आतल्या आत धुमसत राहतो, तो कितीही सज्जन असला तरी तीन दिवसांच्या सहलीला कठीण, असे आमचे मत झाले आहे.

वारीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. विदुषी इरावती कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. त्यावरील त्यांच्या 'वाटचाल' या लेखात त्यांनी एक खंत नोंदवली आहे. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग गाणारे ब्राह्मण व मराठे वाटेवर एक असत; परंतु जेवायला मात्र वेगवेगळे बसत. मिळतेजुळते सोबती निवडण्याच्या विचारात हा धोका दडलेला आहे. 'आमच्याशी जुळणारे' म्हणता म्हणता आपण 'आमच्यातले' म्हणू लागतो. जुळायला हवे ते वेग, हेतू आणि शब्द पाळण्याची वृत्ती यांत. जात, भाषा, पगार वा देवघर यांत ते जुळण्याची गरज नाही. आमच्या होड्यांत वारकरी आहेत, कॅथलिक आहेत, आणि कोणत्याच देवघरापुढे न बसणारे एक शिक्षकही आहेत. एका पातेल्यातले सर्वजण खातात.

आता या विषयातील सर्वांत अवघड भाग. निवडणे म्हणजे कोणाला तरी नाही म्हणणे. आमच्या मंडळात एक सद्गृहस्थ आहेत. आमच्यापैकी एका कुटुंबातील मुलाच्या बाप्तिस्म्याला ते धर्मपिता म्हणून उभे राहिले होते. पोहण्यात आम्हा सर्वांहून सरस, हाताने उदार, आजारपणात रात्र-रात्र जागणारे. तीन दिवसांच्या सहलीपूर्वी आम्ही प्रत्येक नव्या सोबत्याबरोबर एका दिवसाची सहल करतो, तशी त्यांच्याबरोबरही केली. दुपारी वारा सुटला. काठाकाठाने जायचे, असे सर्वांचे ठरले. त्यांनी मात्र सरळ मधले पाणी कापले आणि आमच्या आधी तासभर पोहोचून ते हसत उभे राहिले. ते सुखरूप पोहोचले होते. म्हणूनच त्यांना समजावणे कठीण होते. त्यांच्या कौशल्याबद्दल आम्हाला शंका नव्हती. परंतु मधल्या पाण्यात त्यांची होडी उलटली असती, तर त्यांना काढायला आमच्यातल्या कोणाला तरी जावे लागले असते, आणि जाणारा त्यांच्यासारखा पोहणारा नसता.

आमच्यातील दोघे त्यांच्या घरी गेले. निरोप पाठवणे किंवा तारीख लपवणे आम्हाला योग्य वाटले नाही. चहा झाला. मोठ्या सहलीला तुम्हाला घेता येणार नाही, आणि का, ते स्पष्ट सांगितले. ते काही बोलले नाहीत. पुढचे दोन नाताळ त्यांच्या घरून फराळाचे ताट आले नाही. आमचे ताट त्यांनी घेतले, पण रिकामे ताट मुलाच्या हाती परत आले. चर्चच्या दाराशी भेट होई तेव्हा मान हलवण्यापलीकडे संवाद नसे. एका होडीच्या सहलीपायी एवढे गमवावे का, असा प्रश्न आमच्यातील स्त्रियांनी अनेकदा विचारला, आणि त्याला सोपे उत्तर नव्हते.

कुगावच्या होडीची वार्ता पसरली त्या रात्री त्यांचा फोन आला. 'आपले कोणी पाण्यावर नव्हते ना?' एवढेच त्यांनी विचारले. पाण्याविषयी दुसरे काही ते बोलले नाहीत, आम्हीही नाही. त्या हिवाळ्यात सहलीचे दिवस ठरले तेव्हा त्यांनी आपणहून जीप आणली. शिधा व तंबू घेऊन ते महामार्गाने पुढे जातात, मुक्कामाच्या गावी पोलीस पाटलांना वर्दी देतात, चूल पेटवून ठेवतात आणि अंधार पडू लागला की काठावर कंदील घेऊन उभे राहतात. दिंडीच्या ट्रकाचे काम ते एकट्याने करतात. होडीत बसण्याविषयी त्यांनी पुन्हा विचारलेले नाही.

संत पौलाच्या जीवनातील एक प्रसंग अशा वेळी आठवतो. पहिल्या धर्मप्रचार-प्रवासात योहान मार्क हा तरुण पंफुल्याहून मध्येच परतला होता. दुसऱ्या प्रवासाची वेळ आली तेव्हा बर्नबाला तो पुन्हा हवा होता. तो त्याचा नातलगच होता. पौलाने नकार दिला. दोघांचा वाद इतका विकोपाला गेला की ते वेगळे झाले. बर्नबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला, पौल सीलाला घेऊन सिरिया व किलिकियाकडे निघाला. प्रेषितांच्या कृत्यांत हा वाद लपवलेला नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. संतांचेही प्रवासात जमले नाही, आणि ते तसे लिहून ठेवले गेले. परंतु गोष्ट तिथे संपत नाही. पुढे बंदिवासातून तिमथीला लिहिलेल्या पत्रात त्याच मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, अशा आशयाचा निरोप आहे. एका वाटेवर न जुळलेला सोबती दुसऱ्या वाटेवर हवासा वाटला. मधल्या वर्षांत बर्नबाने मार्कला जवळ ठेवले, म्हणूनच ते शक्य झाले असेल. ज्याला आपण होडीत घेत नाही, त्याला जवळ ठेवणारे कोणी असावे लागते.

आमच्या मित्राच्या बाबतीत ते काम त्या धर्मपुत्राने केले. दोन्ही घरांत बोलणे थांबले होते, त्या दोन वर्षांत तो मुलगा दर रविवारी मिस्सानंतर त्यांच्या घरी जाऊन जेवत होता. त्याला कोणी पाठवले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही. यंदा तो अठरा वर्षांचा झाला असून मोठ्या सहलीला येऊ इच्छितो. त्याची एक दिवसाची सहल अजून व्हायची आहे. इतरांना जे प्रश्न विचारले जातात, तेच त्यालाही विचारले जातील.